तिचा खोकला मला दिसायचा

बहिरा माणूस चिडका होतो म्हणतात. माझं उलटं आहे. मी आधीपासूनच चिडका, बहिरा नंतर झालो. अडतीस वर्षं भिवंडीतल्या लूमच्या कारखान्यांत जॉबर होतो. जॉबर म्हणजे लूम बिघडला की पाना घेऊन खाली वाकणारा माणूस. एका शेडमध्ये चाळीस-पन्नास लूम एकदम खडखडत असतात. तिथे ओरडून काही होत नाही, नुसता घसा बसतो. म्हणून आम्ही समोर उभं राहून ओठ नीट हलवायचो, आवाज काढायचोच नाही. मराठी असो, हिंदी असो, समोरच्याच्या तोंडाकडे बघून मला आजही सगळं कळतं. पाठीमागून हाक मारलीत तर मात्र मारत बसा.

माझी बायको हे लग्नानंतर सहा महिन्यांत शिकली. दुपारी डबा घेऊन शेडच्या दारात यायची, तिथून ओठांनी सांगायची, ‘आज वांगं हाय, नाक मुरडू नका.’ पुढे माझे कान गेले तेव्हा तिला नवीन काही शिकावं लागलं नाही. घरात आम्ही दोघं बोललो तर शेजाऱ्यांना वाटायचं, यांचं भांडण झालंय, अबोला धरलाय. आणि आम्ही तर तोंडभरून भांडत असायचो, फक्त आवाज न काढता. मुलीने कानात घालायचं मशीन आणून दिलं होतं. ते घातलं की भांडी पडल्याचा, रिक्षाचा, पंख्याचा असा सगळा कालवा डोक्यात शिरायचा. चार दिवसांत काढून कपाटात टाकलं. बायको समोर असताना मला मशीन कशाला हवं, असं मी मुलीला वर तोंड करून सांगितलं होतं.

कारखाना बंद होऊन आता बरीच वर्षं झाली. सेठच्या मुलांनी शेड पाडून गोदाम बांधलं. आम्ही भिवंडीतच टेमघरला दोन खोल्यांत राहतो, तिसऱ्या मजल्यावर, वर गच्ची. निवृत्त माणसाचा दिवस फार मोठा असतो हो. पहिल्या शिफ्टच्या वेळेला जाग यायची ती येतेच. चहा, पेपर, नाक्यावर एक फेरी, परत चहा. मी कामाला लागावं म्हणून बायकोने कपडे वाळत घालायचं काम माझ्याकडे दिलं. पुरुषमाणूस गच्चीत साड्या झटकतोय म्हटल्यावर समोरच्या इमारतीतल्या बायका हसायच्या. हसा म्हटलं, मला कुठे ऐकू येतंय!

खोकला माघात सुरू झाला. म्हणजे तेव्हा मला दिसला. तिचा पदर तोंडाकडे जायचा, खांदे दोनतीनदा हलायचे, मग ती परत भाजी चिरायला घ्यायची. मी विचारलं, काय गं? ती म्हणाली, ‘काय न्हाय, ठसका लागला.’ आठ दिवसांनीही ठसका तसाच. तेव्हा मी निदान केलं. हो, मीच. मी म्हणालो, ही रुई आहे.

आता हे बाहेरच्या माणसाला वेड्यासारखं वाटेल, पण लूमवाल्यांच्या घरात खोकल्याला दुसरं नावच नसतं. सुताची बारीक रुई हवेत उडत असते, ती नाकातोंडातून छातीत जाऊन बसते. आमचे जुने सेठ शिफ्ट सुटताना प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचे. गुळाने रुई सुटते, खाली उतरते, अशी सगळ्यांची समजूत. मीही एका वर्षी दोन महिने खोकत होतो आणि गूळ खाऊन बरा झालो होतो. बायकोनेही वीस वर्षं घरी कांड्या भरल्या होत्या. कांडी म्हणजे लूमवर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात घालायची सुताची छोटी गुंडाळी. दारात यंत्र मांडून ती दिवसभर सूत भरायची, तिच्या केसांवर, भुवयांवर पांढरं बसायचं. मग तिच्या छातीत रुई असणार नाही तर काय असणार? मला इतकं स्पष्ट दिसत होतं की दुसरा विचार शिवलाच नाही. बाजारातून काळा गूळ आणला आणि रोज संध्याकाळी सुपारीएवढा खडा फोडून तिच्या हातावर ठेवू लागलो. ती खायची. मी समोर बसून बघायचो, नीट चघळते की नाही ते. मला तर बरंच वाटत होतं. इतक्या वर्षांनी काहीतरी दुरुस्त करायला मिळालं होतं.

फाल्गुनात ऊन चढलं. ती वाळत चालली होती. ब्लाऊज खांद्यावरून घसरायचे, तर तिने सुईदोरा घेऊन सगळे आत घेतले. मी म्हटलं, उन्हाळ्यात सगळ्यांचंच जेवण कमी होतं. जिन्यात ती दुसऱ्या मजल्यावर थांबायची आणि कठड्याला हात लावून उगाच खाली बघायची. मी वरून खेकसायचो, चल की, तिथे काय सिनेमा लागलाय?

शिमग्याला मुलगी आली. ती पडघ्याला दिलेली आहे. पुरणाचा घाट घातला होता, दोघी मायलेकी स्वयंपाकघरात आणि मी बाहेर पेपर घेऊन. थोड्या वेळाने मुलगी हातात लाटणं तसंच घेऊन बाहेर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

“बाबा, आईला किती दिवस असा खोकला आहे?”

“असा म्हणजे कसा?”

“असा म्हणजे असा! आतून काहीतरी फाटल्यासारखा वाजतोय. तुम्हाला ऐकू...” ती मध्येच थांबली.

“मला दिसतो की,” मी म्हणालो. “रुई आहे. गूळ चालू आहे.”

मग जे व्हायचं ते झालं. ती म्हणाली, उद्याच्या उद्या फोटो काढायचा छातीचा. मी म्हणालो, कालची पोर तू, मला रुई शिकवतेस? तुझ्या वयाइतकी वर्षं मी ती खाल्ली आहे. शेवटी तिने आईकडे बघितलं. बायको दारात हात पुसत उभी होती. ती म्हणाली, “सणासुदीचं नको. मसाला करायचाय अजून, मिरच्या आणून ठेवल्यात. पाडवा होऊ दे, मंग जाव.”

मी लगेच म्हणालो, ऐकलंस? तुझी आईच म्हणतेय. मी जिंकलो. मुलगी दुसऱ्या दिवशी रडत पडघ्याच्या बसमध्ये बसली.

आमच्याकडे वर्षाचा मसाला फाल्गुन-चैत्रातच होतो. गच्चीवर जुनी साडी अंथरून मिरच्या वाळवायच्या, देठं काढायची, खडा मसाला भाजायचा आणि मग डंकावर कुटून आणायचा. भाजायला घेतलं की अख्खी इमारत खोकते. खिडक्या आपटतात, पोरं शिंकत जिन्यातून पळतात, कुणीतरी खालून शिव्या देतं. त्या दिवशी मीही खोकलो, डोळ्यांतून पाणी आलं. ती कढईपाशी बसून खोकत होती, पदर तोंडात कोंबला होता. मी म्हटलं, उठ, मी परततो. ती उठली नाही. हाताने नुसती खूण केली, तिकडे जा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपडे वाळत घालायला गच्चीत गेलो. तिची साडी झटकली तर पदराला डाग, रुपयाएवढे तीन. मिरचीचा असणार म्हणून दोरीवर टाकली. मग परत हातात घेतली. मिरचीचा डाग धुतल्यावर पिवळट पडतो, कडेने तेलकट राहतो. हा तपकिरी होता. कपड्यावरचा डाग मला ओळखू येत नाही असं कोणी म्हणू नये. तेल कुठलं, गंज कुठला, विणकराच्या बोटातलं रक्त कुठलं, हे बघण्यात माझा जन्म गेला. रक्ताच्या डागाचा कापडाचा तागा मी लांबून बाजूला काढायचो.

मी काय केलं? ती साडी डाग आतल्या बाजूला येईल अशी दुमडून वाळत घातली. खाली येऊन चहा प्यायलो. तिला विचारलं नाही, मुलीला फोन लावायला कुणाला सांगितलं नाही. पाडवा चार दिवसांवर होता आणि पाडव्यानंतर जायचं ठरलं होतं ना, मग झालं तर! असं मी मनाशी घोकत होतो. खरं सांगायचं तर माझी पाचावर धारण बसली होती. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, आणि ते मला नको होतं. त्या चार दिवसांत मी गुळाचा खडा मोठा केला. इतका मूर्ख माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पाडव्याला तिने गुढी उभारली नाही, मला उभारायला लावली. कडुनिंबाची चटणी मात्र तिने वाटली. पाट्याशी बसून वाटता वाटता थांबायची, दम खायची, परत वाटायची. मी बघत होतो. आता मला सगळं दिसत होतं. मी पाटा-वरवंटा तिच्यापुढून ओढून घेतला तर म्हणाली, “आज काय झालं तुमाला?”

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मुलीला बोलावून घेतलं. इथल्या डॉक्टरने फोटो बघून ठाण्याच्या मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली. कशेळीला पुलाच्या अलीकडे गोदामांचे ट्रक अडकलेले, रिक्षा तासभर जागची हलली नाही. ऊन नुसतं भाजत होतं. ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून होती. लग्न झाल्यापासून ती चारचौघांत अशी कधी टेकली नव्हती. मला आधी लाज वाटली, मग लाज वाटल्याचा राग आला.

तपासण्यांना आठवडा गेला. शेवटच्या दिवशी आम्ही तिघं डॉक्टरीणबाईंसमोर बसलो. त्यांनी तोंडाला मास्क बांधला होता. मला नुसते डोळे दिसत होते, पापण्या हलताना दिसत होत्या. मी मुलीकडे बघितलं, तर तिने ओंजळीत तोंड झाकून घेतलेलं. आता मी कोणाचं तोंड वाचू? मी टेबलावर हात आपटला. म्हटलं, मला सांगा, मी नवरा आहे तिचा, मलाही कळू दे!

तेव्हा बायको खुर्चीतल्या खुर्चीत माझ्याकडे वळली. माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. शेडच्या दारातून बोलायची तशीच, आवाज न काढता, एकेक शब्द सुटा करून तिने सांगितलं, ‘गाठ हाय. दोन्ही बाजूला पसरलीय. काढता येनार न्हाय. उशीर झाला म्हनतात.’ आणि मला नीट कळलं की नाही म्हणून परत एकदा सांगितलं.

तिचं मरण तिलाच मला सांगावं लागलं. दोनदा.

घरी आल्यावर मुलगी म्हणाली, बाबा, पंधरा दिवसांनी काही फरक पडला नसता, मी डॉक्टरांना विचारलंय. मी विचारलं, आणि दोन महिन्यांनी? तिने तोंड फिरवलं. मी परत विचारलं. ती उठून आत गेली आणि औषधांच्या पिशव्या लावत बसली.

आता चैत्र संपत आलाय. मुलगी इथेच येऊन राहिली आहे. मसाला डंकावरून आला, डब्यात भरला, तो अजून कोणी उघडलेला नाही. गूळ मी गायीला घातला. पलंग खिडकीपाशी सरकवलाय, तिथून थोडं वारं लागतं. मी भात लावतो, डाळ लावतो, तिचे पाय चेपतो, डोक्याला तेल लावतो. ती म्हणते, हाताला जोर फार हाय तुमच्या, लूम न्हाय मी. तेवढं म्हणतानाही धाप लागते. गेल्या आठवड्यापासून तर तिचा आवाजच निघत नाही. श्वास पुरत नाही. मुलगी तिच्या तोंडाशी कान नेते, दोनदा तीनदा विचारते, काय गं आई? काय हवंय? आणि तिला काही कळत नाही, रडू येतं. मला कळतं. आवाज मला कधी लागलाच नव्हता. घरात आता आईचं बोलणं मी लेकीला सांगतो. उशी वर कर म्हणतेय. पंखा कमी कर. जावईबापूंना जेवायला थांबव.

काल दुपारी मुलगी पायथ्याशी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. बायकोने माझ्याकडे बघितलं. ओठ हलले. सावकाश, सुटे सुटे, मला चुकून दुसरं काही वाचता येऊ नये असे.

‘मला मरायचं न्हाय वो.’

मुलीने हातातलं टाकून वर बघितलं. “काय म्हणाली? बाबा, काय म्हणाली आई?”

“पाणी मागतेय,” मी म्हणालो.

मुलगी धावत जाऊन पाणी घेऊन आली. बायको माझ्याकडे बघत होती. माझे ओठ तिलाही वाचता येतात. मी तिच्या मानेखाली हात घातला, पेला ओठांना लावला आणि ती तहान नसताना ते पाणी प्यायली.