ग्लेनिसने निवडलेला डोंगर

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या जिंदाबाइन गावातल्या झाडून साऱ्या पायांच्या खोडी ग्लेनिस ट्रँटरला पाठ आहेत. कुणाची करंगळी आखडते, कुणाची टाच सरकते, सगळं. भाड्याने स्की नि बूट देण्यात तिचा उभा जन्म गेला. बरं, दुकान बंद केलं म्हणून सुटका नाही. संध्याकाळी क्लबात तिने श्निट्झेलचा पहिला घास घेतला, की कुणीतरी शेजारी बसून मोजा उतरवतंच. "ग्लेनिस, जरा बघतेस का गं?"

ऑक्टोबरात बर्फ वितळला, दुकानाला कुलूप लागलं, आणि तिने क्लबात जाहीर केलं, "जानेवारीत मी एकटी कॅनडा-अमेरिकेकडे जाणार. आठवडाभर कुणाचाही पाय बघणार नाही. आपलं माणूस जिथे औषधालाही सापडणार नाही, असा डोंगर सांगा."

"व्हिस्लर," माझी बायको शर्ली म्हणाली.

"तिथे लिफ्टवरची पोरंसुद्धा आपल्याच गल्लीतली. नको."

"मग कोलोरॅडो," मर्व्ह प्लंबर म्हणाला. "उंचीमुळे डोकं फिरतं तेवढंच."

"तुझं इथेच फिरलेलं असतं. शिवाय तू दर वर्षी तिथलं सांगतोस. नको."

मग तिने सहज विचारलं, "आणि ते कॅनडातलं, आतल्या बाजूचं लार्च हॉलो?"

"छे," मी म्हणालो. "वाऱ्याची झुळूक आली की लिफ्ट बंद."

"जेवण तर तोंडात धरवत नाही," शर्ली म्हणाली.

"बर्फ म्हणजे ओलं सिमेंट," मर्व्हने जोड दिली. बिचारा न मागता साथ देतोय, याचं मला कौतुकच वाटलं.

आता आमच्याकडे रीतच आहे, आवडत्या डोंगराची चारचौघांत निंदा करायची, म्हणजे गर्दी होत नाही. ग्लेनिसला ही रीत ठाऊक नव्हती थोडीच? पण गरजवंताला अक्कल नसते. इतकं वाईट आहे म्हणजे तिथे कुणी जात नसणार, असं धरून तिने गुपचूप तिकीट काढलं.

जानेवारीत शर्ली नि मी लार्च हॉलोच्या लिफ्टपाशी उभे, मिशीवर बर्फ जमलेला, आणि पुढे नाकापर्यंत मफलर गुंडाळलेली ग्लेनिस. ती वळली, आम्हाला पाहिलं, आणि तिचा चेहराच उतरला. तेवढ्यात मागून मर्व्ह आला. त्याला बघून मीही गार.

"ग्लेनिस, देवासारखी भेटलीस," म्हणत त्याने वाकून बक्कल काढलंच. "हा डावा बूट जरा..."

"मर्व्ह, बक्कल लाव," ती शांतपणे म्हणाली. "तिघंही ऐका. इथे कुणी बुटाचं नाव काढलं, तर मी क्लबात उभी राहून या डोंगराचे गोडवे गाईन. बर्फ कसा पिठासारखा, रांग कशी नाहीच, सगळं. पुढच्या जानेवारीत अख्खं गाव इथे."

"त्याने आपलं सहज विचारलं गं," शर्ली म्हणाली.

मर्व्हने बक्कल लावलं. ग्लेनिस लिफ्टच्या खुर्चीत एकटीच बसून वर गेली.

दोन दिवसांनी सुपाच्या रांगेत ती माझ्या मागे आली. बुटातल्या माझ्या अंगठ्याचं तोवर भरीत झालं होतं. मी कसा उभा आहे, हे तिने पाहिलं. तिची बोटं हातमोज्यात चुळबुळली. मग तिने नजर वर छताकडे नेली.

"आज ऊन छान पडलंय, नाही?"

"झकास," मी म्हणालो, आणि लंगडत टेबल गाठलं.