तुयेहून डिचोलीला वजें नेताना

दोन वर्षांपूर्वी मी एका परक्या माणसाच्या मोटारसायकलवर बसले, त्याच्या पाठीत बोट खुपसून ‘चल’ म्हणाले, आणि तो निमूट निघाला. तेव्हा मी तरुण होते, अवघी सदुसष्ट. आता थोडी अक्कल आली आहे, म्हणून सांगते.

नात लग्न होऊन डिचोलीला गेली, त्यानंतरची ती पहिली चतुर्थी. अशा वेळी आमच्या तुयेच्या घरून वजें (फळं, नारळ, सुपाऱ्या, नेवऱ्या, लाडू अशी मुलीच्या सासरची भेट) जातं. ते आदल्या दिवशी, माटोळी (गणपतीच्या वर फळापानांनी सजवायची चौकट) बांधण्याआधी पोचायला हवं. उशीर झाला तर सासरचे तोंडाने काही म्हणत नाहीत. वर्षभर लक्षात ठेवतात, आणि ते सोसायचं नातीने.

मुलगा म्हणाला, “आई, टॅक्सी सांगतो.”

“आणि म्हापशाच्या बाजारात अडकली तर? आत बसून आरत्या म्हणू?”

“मग बस?”

“बसमध्ये मांडीवर टोपली, आणि टोपलीवर आणखी कुणीतरी!”

मी पायलट ठरवला. पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकलवरून भाडं नेणाऱ्याला आम्ही पायलट म्हणतो. हा पन्नाशीचा, मुखदुर्बळ.

“बाय, दिवचलेमेरेन (डिचोलीपर्यंत)?”

“हो. बाराच्या आत वजें पोचलं पाहिजे. मी पडले तरी चालेल, टोपली पडता कामा नये.”

टोपली त्याच्या पुढ्यात ठेवताना हे मी त्याला तीनदा बजावलं, नातीच्या घराची खूणही सांगितली. त्याने ते फार मन लावून ऐकलं, तेच नडलं.

कामुर्लीला जाणाऱ्या फेरीबोटीवर मी गाडीवरून खाली उतरले. पावसाची बारीक झड, नदी तांबडी गढूळ, काठची खारफुटी गुडघाभर पाण्यात. कठड्याशी एक बाई तवशी (मोठ्या काकड्या) घेऊन उभी होती, तिच्याशी मी बोलत सुटले. बोट टेकली तशा सगळ्या गाड्या एकदम फुरफुरल्या. सगळ्यांचे रेनकोट काळे, सगळ्यांची डोकी हेल्मेटात. मी धावले, बसले, बोट खुपसलं.

गाडी आतल्या वाटेला वळली तेव्हा वाटलं, हुशार आहे, जवळची वाट धरली. ती एका अंगणात थांबली. दारात त्याची बायको.

“ही कोण?”

“म्हाका किदें खबर (मला काय ठाऊक)? बसली आणि चल म्हणाली. म्हाका वाटलें, तुजी मावशी चवथीक आयली.”

“माजी मावशी मरून पाच वर्सां जालीं!”

मी पुढे डोकावले. टोपली नव्हती. माझा फोनही त्याच टोपलीत, नारळांच्या खाली. ती बाई खांबाला धरून हसली, मग मला चहा पाजला आणि नवऱ्याला म्हापशाच्या स्टँडवर सोडायला पाठवलं.

तिथे डिचोलीची बस मिळायला तास गेला. उभ्याउभ्या पाव आणि पातळ भाजी खाल्ली. नातीची काळजी होतीच, तरी दुसरा पाव मागितलाच. अस्नोड्यापुढे शेतं हिरवीगार होती म्हणतात. मला प्रत्येक वळणावर नातीच्या सासूचा, विहीणबाईंचा चेहराच दिसत होता.

दोन वाजता पोचले. माटोळी बांधून तयार, त्यात आमच्या सुपाऱ्यांचे घोस लोंबत होते. खाली पाटावर पायलट, समोर केळीचं पान, आणि विहीणबाई त्याला खीर वाढत होत्या.

“बाय, वजें वेळार पावलें,” तो घाईने म्हणाला.

मला दुसऱ्याच गाडीवर गेलेली पाहून त्याला वाटलं, म्हातारीला वेगवान गाडी मिळाली. मग तो थांबलाच नाही. पावणेबाराला टोपली घेऊन दारात उभा राहिला, तो तोंड उघडायच्या आत ‘आजीचे भाऊ आले, आजीचे भाऊ आले’ करून घरच्यांनी त्याला आत ओढलं.

नातीने मला कोपऱ्यात घेतलं. “आजी, गप्प राहा. सगळे खूश आहेत.”

अशी मी सदुसष्टाव्या वर्षी भावाची बहीण झाले. परतताना त्याच्याच गाडीवर बसले, आधी हेल्मेट काढायला लावून. वाहन ठरवताना मी गर्दी बघितली, वेळ बघितली, पाऊस बघितला. नेणाऱ्याचं तोंड तेवढं बघायचं राहिलं होतं.

गाडी सुरू झाली तशा विहीणबाई फाटकाशी आल्या आणि म्हणाल्या, “विहीणबाय, तुमचो भाऊ बरो. वेळेर आयलो, पोटभर जेवलो, जास्त बडबड नाय. फुडल्या वर्सा तेकाच धाडा, तुमी उगीच त्रास घेव नकात.”