टाक्यांवरची उदी

ड्रेसिंग उचललं आणि माझा हात थांबला. टाक्यांच्या रेषेवर करडी उदी पसरलेली होती.

पेशंट पिशोरचा शिवाजी. शेळ्यांसाठी पाला तोडताना झाडावरून पडला आणि मणका मोडून बसला. आम्ही स्क्रू आणि रॉड घालून तो सांधला होता. पायांत ताकद परत येत होती. अशा ऑपरेशननंतर सगळ्यात मोठी भीती इन्फेक्शनची. जंतू धातूला चिकटले की सहजी हटत नाहीत. आधीच्या एका पेशंटचे रॉड मला त्यापायी काढावे लागले होते. तो माणूस नंतर कधी ताठ बसला नाही. त्याचा चेहरा अजून आठवतो.

तेव्हापासून मी नुसतं शिरेतून अँटिबायोटिक देऊन थांबत नसे. जखम शिवण्याआधी अँटिबायोटिकची निर्जंतुक पावडर आत स्नायूंवर भुरभुरवायचो. शिरेतलं औषध रक्ताबरोबर जातं. जिथं रक्त कमी पोचतं, तिथं तेही कमीच पोचतं. पावडर जागेवर राहून काम करते. या कामाचा मला अभिमान होता, आजही आहे.

"हे कुणी टाकलं?"

"म्या," शिवाजीची आई कोंडाबाई म्हणाली. "खुलताबादच्या दर्ग्याची हाय. लई कडक."

"मावशी, पोराच्या जिवावर उठलात का?"

"तुमीच म्हनले ना, पावडर टाकली की पू व्हत नाय. तुमची आतून, आमची वरून. वरून तर तुमी कायच टाकलं नव्हतं."

"आये, सायबाला काम शिकवू नको," कुशीवर पडलेला शिवाजी म्हणाला.

माझी ज्युनिअर डॉ. सरिता हसू दाबत पुढे आली. तिनं सलाईननं जखम हळूहळू स्वच्छ केली. टाके घट्ट होते, कुठं फट नव्हती. तरी पुढचं प्रत्येक ड्रेसिंग मी स्वतः उघडून बघायचो. ताप नाही ना, पाणी येत नाही ना, कडा लाल नाहीत ना. जखम कोरडीच राहिली. टाके निघाले. काही महिन्यांनी शिवाजी पट्टा बांधून, स्वतःच्या पायांनी ओपीडीत आला. मागं कोंडाबाई.

"कुनाच्या पावडरीनं बरा झाला म्हनायचा?" तिनं विचारलं.

"माझ्या."

"म्हना," ती म्हणाली.

हा किस्सा मी कॉन्फरन्समध्ये कितीदा सांगितला. 'अडाणी बाई' म्हटलं की हॉल हसायचा. तुमची आतून, आमची वरून, हे तिचं बोलणं मात्र मी गाळायचो. ते सांगितलं असतं तर हसू माझ्यावर आलं असतं.

आणखी एक. आमच्या वॉर्डातल्या खाटांना छोट्या पुरचुंड्या बांधलेल्या दिसायच्या. लोक त्याला माझी युक्ती म्हणत. ती सरिताची. ऑपरेशनआधी ती नातेवाइकांना विचारायची, काय आणलंय? अंगारा, उदी, भंडारा, जे असेल ते फडक्यात बांधून खाटेच्या डोक्याशी लावायची. "देवाचं इथं राहील. जखमेला हात फक्त आमचा." त्यानंतर टाक्यांवर राख मला कधी दिसली नाही.

कोंडाबाई अडाणी नव्हती. निर्जंतुक पावडर म्हणजे काय, हे समजवायला दोन वाक्यं लागतात. मी एकच बोललो होतो.