आतली कडी

स्टुडिओत त्याला सगळे मिस्त्री म्हणत. खऱ्या विटेला त्याने जन्मात हात लावला नव्हता. पण संगणकावर, खेळाच्या आत, खोल्या उभ्या करायचं काम त्याचं. भिंत किती उंच, जिना कुठे वळतो, खिडकीतून काय दिसतं नि काय दिसत नाही, खेळणाऱ्याचं काळीज कितव्या पायरीवर धडधडायला हवं, हे सगळं तो ठरवायचा. त्याचा खरा जीव मात्र दारांवर. टेबलाच्या खणात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असे आणि त्यात भंगारातून उचललेल्या कड्या, कोयंडे, खिट्ट्या, बिजागऱ्या. नवं दार रेखाटायच्या आधी तो त्यातली एखादी कडी कानाशी धरून वाजवून बघायचा.

“मिस्त्री, काय म्हणते कडी?” कुणीतरी विचारायचं.

“म्हणते, आधी तुझ्या तोंडाला लाव.”

चार वर्षं खपून त्यांनी एक खेळ पुरा केला होता. एक वाटसरू बंद पडलेल्या गिरणीत शिरतो आणि एक्केचाळीस खोल्यांमधून वाट काढत आत राहिलेला दिवा बाहेर आणतो, एवढीच गोष्ट; पण खेळणाऱ्याची पाचावर धारण बसावी अशी. संध्याकाळी सहा वाजता हा खेळ विक्रीला खुला होणार होता आणि त्याच दिवशी मिस्त्रीही स्टुडिओ सोडणार होता. दुसरीकडे मोठं काम मिळालं होतं. सोमवारी तिथे हजर व्हायचं होतं.

सकाळपासून आपलं काहीतरी राहून गेलंय असं त्याला वाटत होतं. काय, ते कळत नव्हतं. जुनी जागा सोडताना माणूस हळवा होतो, तसं हे नव्हतं. गॅस बंद केला की नाही हे आठवेना, तर भर रस्त्यात पाय जसे जड होतात, तसं होत होतं.

बारा वाजता त्याचा संगणक जमा झाला. परवलीचा शब्द बंद झाला. गळ्यातलं कार्ड काढून त्याने टेबलावर ठेवलं. त्या कार्डाशिवाय इथलं एकही दार उघडत नसे, आत यायला नाही की बाहेर जायला नाही. आता त्या गिरणीतल्या एका खिळ्यालाही त्याला हात लावता येणार नव्हता.

मग त्याला जेवणाच्या खोलीतल्या सोफ्यावर बसवलं. तिथली रीतच होती ती. जो सोडून जाईल त्याने शेवटच्या दिवशी पुरा झालेला खेळ पहिल्यापासून खेळायचा, दुकानातून विकत आणल्यासारखा, साध्या गिऱ्हाइकासारखा. याला ते निरोपाचा खेळ म्हणत. येणारा-जाणारा चहाचा कप घेऊन क्षणभर मागे उभा राहायचा.

“अरे, आपल्याच जिन्यावरून पडला!”

“सासरी चाललाय ना, पाय लटपटणारच.”

मिस्त्री हसत होता. खोलीमागून खोली मागे पडत होती. आपल्या हातची भिंत न् भिंत त्याला ओळख देत होती. सव्वातीनच्या सुमारास तो एकोणतिसाव्या खोलीत पोचला. तिथे एक कपाट होतं. ते सरकवलं की मागे एक बुटकं दार. खेळाच्या वाटेवर नसलेली, शोधणाऱ्यालाच सापडणारी अडगळीची खोली होती ती. स्टुडिओत सगळे म्हणत, अख्ख्या गिरणीत अंगावर काटा येतो तो तिथेच.

वाटसरू वाकून आत गेला. ठरल्याप्रमाणे मागून वारा आला आणि दार धाडकन लागलं. पडद्याच्या कोपऱ्यात छोटी पणती पेटून विझली. म्हणजे खेळाने इथे खूण ठेवली. आता मरा, बंद करा, आठ दिवसांनी या, खेळ इथूनच सुरू होणार. त्या खेळात एकच खूण राहायची, जुनी पुसूनच नवी व्हायची. मागे फिरायची सोय नको, हा हट्टही मिस्त्रीचाच.

गोणपाटांचा ढीग. मोडकी खुर्ची. दाराच्या फटीतून आलेली उजेडाची एक रेघ, जमिनीवर मुंगीच्या पावलाने सरकणारी. मिस्त्रीने ती थोडा वेळ पाहिली. मग बाहेर पडायला तो दाराकडे वळला.

दाराला आतून काहीच नव्हतं.

कडी नव्हती, मूठ नव्हती, साधा दोरीचा तुकडाही नव्हता. फळ्या होत्या नुसत्या. त्याने वाटसरूला दारावर आपटलं, खुर्चीवर चढवलं, कोपरा न् कोपरा चाचपून पाहिला. खेळ बंद करून पुन्हा उघडला. पणती, गोणपाट, रेघ. आणि दार बंद.



चार वर्षांत हे कुणाच्या नजरेला कसं आलं नाही, हे त्याला तिथल्या तिथे उमगलं. स्टुडिओत एक शब्द होता, ‘भूत होणं’. काम करताना कुणालाही चालत हिंडायला वेळ नसतो. म्हणून एक कळ केलेली असते, ती दाबली की वाटसरूचं भूत होतं आणि ते भिंतीतून आरपार जातं. या खोलीत सगळे यायचे, बघायचे, वा मिस्त्री म्हणायचे आणि भूत होऊन निघून जायचे. तो स्वतःही तसाच जायचा. आपल्या पायांनी त्या खोलीतून कुणी कधी बाहेर पडलंच नव्हतं. आणि विकायच्या खेळात भूत व्हायची कळ काढून टाकलेली असते.

हत्ती गेला आणि शेपूट अडकलं.

पण तो हबकला तो एवढ्याने नाही. ही खोली त्याने मनातून रचलेली नव्हती. ती त्याच्या लहानपणीच्या घरातली होती, जिन्याखालची. तो सात वर्षांचा, ताई अकराची. लपाछपी चालली होती. ताई म्हणाली, “तू आत बस, मी बाहेरून कडी लावते. बंद खोलीत कोण बघणार? तू जिंकशील.” आणि तो बसला. पहिला बराच वेळ तर त्याने श्वाससुद्धा दाबून धरला, जिंकायचं होतं म्हणून. बाहेर ताईला कुणीतरी हाक मारली, ती धावत गेली आणि खेळ मोडला. भाऊ कुठे आहे, हे ती साफ विसरली. घरात चिटपाखरू नव्हतं. तो ओरडला, मग रडला, मग गप्प झाला. फटीतली उजेडाची रेघ जमिनीवरून सरकत सरकत भिंतीवर चढली आणि विझली, तोवर तो तिथे होता.

त्यानंतर इतकी वर्षं झाली, ताईने त्या दिवसाचा शब्द काढला नाही. त्यानेही काढला नाही.

आणि ताई हा खेळ खेळणार होती. परवाच फोनवर म्हणाली होती, “पहिल्या दिवशी मीच खेळणार हं. तुझ्या खोड्या मला पाठ आहेत. कपाट दिसलं की मी आधी मागे बघते.” कपाटामागे ती बघणार, आत शिरणार आणि दार लागणार. मग खूणही तिथेच, उजेडाची रेघही तिथेच.

मिस्त्रीला खरी भीती वाटली ती आता. मी कडी विसरलो, की ठेवलीच नाही? दर दाराआधी कडी कानाशी वाजवून बघणारा माणूस एका दाराला कडी लावायला विसरतो? तो आठवू लागला. हे दार करताना आपण डबा उघडला होता का? आठवेना. जितकं खोल बघावं तितका अंधार.

भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन झाले होते. झाकली मूठ सव्वा लाखाची. शंभरातल्या एकालाही ही खोली सापडायची नाही. तोवर तो दुसऱ्या गावी, दुसऱ्या खुर्चीवर असेल. सांगितलं, तर अडीच तासांवर आलेला खेळ अडणार, नाव खराब होणार, नव्या जागेपर्यंत बोंब जाणार. त्याने पडदा बंद केला. पुन्हा चालू केला, पुन्हा बंद केला.

“काय झालं?” दारातून आवाज आला. ती चाळणी. खेळातल्या चुका वेचायचं काम तिचं, आणि तिच्यातून खडा म्हणून सुटत नसे, म्हणून हे नाव. “भूत बघितल्यासारखा चेहरा झालाय तुझा.”

“भूतच नाहीये तिथे. तेच झालंय,” तो म्हणाला. आणि मग त्याने तिला दाखवलं.

चाळणीने ते दार पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. “तपासणीच्या यादीत या खोलीपुढे बरोबरची खूण माझी आहे,” ती हळूच म्हणाली. “आत गेले, पाहिलं, बाहेर आले. मीच लिहिलंय. मेले मी आता. आणि माझ्याबरोबर तूही.”

“तुझं नाव येणार नाही. मी सांगतो.”

“चल, मोठा आला शूर. आधी सोफ्यावरून ऊठ तरी.”

स्टुडिओचे मालक, ज्यांना सगळे थोरले म्हणत, काचेच्या खोलीत होते. ते कधी आवाज चढवत नसत, म्हणूनच लोक त्यांना जास्त भीत. मिस्त्रीने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. कपाट, वारा, खूण, भूत. जिन्याखालची खोलीही सांगितली, कारण ती वगळून हे सांगताच येत नव्हतं. थोरल्यांनी समोरची पेन्सिल उचलून दुसरीकडे ठेवली. मग पुन्हा पहिल्या जागी ठेवली.

“मुद्दाम केलंस?”

नाही म्हणायला त्याने तोंड उघडलं. ते एक अक्षर अगदी ओठांवर होतं. पण घशातून आलं ते दुसरंच.

“मला माहीत नाही.”

पलीकडच्या खोलीत कुणीतरी हसलं, कप वाजले.

“हे उत्तर पुन्हा कुणाला देऊ नकोस,” थोरले शेवटी म्हणाले. “सोमवारी तिथे तर नाहीच नाही. किती वेळ लागेल?”

“कडी बसवायला पंधरा मिनिटं. पण अख्खा खेळ पुन्हा बांधावा लागेल. त्याला चार तास.”

“म्हणजे सहा गेले.”

“गेले.”

थोरल्यांनी फोन उचलला, पलीकडे कुणाला तरी म्हणाले, “उद्या सकाळी.” पलीकडून बराच वेळ बोलणं येत राहिलं. त्यांनी ते सगळं डोळे मिटून ऐकलं आणि फोन ठेवला. “लोकांना एक रात्र थांबायला लावलंयस तू. आणि तेही जाता जाता. जा, बसव.”

पण बसवणार कसा? त्याचे हात तर दुपारीच काढून घेतले होते. तो चाळणीच्या खुर्चीमागे उभा राहिला. ती कळा दाबायची, तो सांगायचा. मिस्त्रीने डबा उघडून टेबलावर ओतला. लोखंडाचा खणखणाट झाला तशी चार डोकी वर आली.

“यातली कुठली?” चाळणीने विचारलं.

त्याने बोटं फिरवली. जाड कोयंडा नको, चावीचं काही नको. एक साधी कडी निवडली, वाकडी, हलकी, बोटाने उचलली तरी निघेल अशी. चाळणीने ती चित्रात उतरवली.

“कुठे लावू? नेहमीच्या जागी?”

“नाही. खाली घे. अजून खाली.”

“अरे, वाटसरूच्या मांडीशी येईल ती.”

“अडीच फुटांवर,” मिस्त्री म्हणाला. “सात वर्षांच्या मुलाचा हात पोचला पाहिजे.”

तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. चेष्टा जिभेवर आलेली असावी. ती तिने गिळली आणि कडी अडीच फुटांवर लावली.

“आता चालून बघ. भूत होऊ नकोस.”

“नाही होत रे बाबा.”

वाटसरू कपाटामागून आत गेला. धाडकन दार लागलं. मिस्त्रीला पुढचं बघवेना. त्याने डोळे घट्ट मिटले आणि कान दिले. गोणपाटावरून पावलं. मग काहीच नाही. ते काहीच नाही फार लांबलं. मग कडी वाजली. बिजागरी कुरकुरली.

“आले बाहेर,” चाळणी म्हणाली. “पायांनी.”

डबा त्याने तिच्याच टेबलावर ठेवला. निघाला आणि मुख्य दाराशी येऊन थबकला. कार्ड नव्हतं. त्याने काचेवर हात टेकला.

मागून चाळणी आली. “आता भूत होऊन जा,” ती म्हणाली. आपलं कार्ड लावून तिने दार उघडलं आणि तो बाहेर पडेपर्यंत पायाने धरून ठेवलं.

बाहेरच्या पायरीवर बसून त्याने फोन लावला.

“काय रे, आला का खेळ? मी कधीची पडद्यासमोर बसलेय.”

“उद्या सकाळी येईल, ताई.”

“का? काही बिघडलं का?”

“एकोणतिसाव्या खोलीत कपाट आहे. त्याच्यामागे,” तो थांबला. “त्याच्यामागे आपली जिन्याखालची खोली आहे.”

समोरून एक गाडी गेली, दुसरी गेली. मग ताईचा आवाज आला, अकरा वर्षांच्या मुलीसारखा बारीक.

“आतून कडी आहे?”

“आहे. आज लावली.”

“हात पोचतो?”

“पोचतो.”

तिने फोन ठेवला नाही. त्यानेही फोन ठेवला नाही. उन्हाची एक रेघ पायरीवरून सरकत त्याच्या चपलेपाशी आली होती. तिच्याकडे बघत मिस्त्री मनातल्या मनात उरलेल्या सगळ्या खोल्यांमधून हिंडत होता, आपल्या पायांनी, एकेका दाराला आतून हात लावून बघत.