शिलाईचा नवा भाव

गल्लीतल्या सुनंदाताईंनी ब्लाउजची शिलाई पन्नास रुपयांनी वाढवली, तेव्हा शेजारच्या मालतीबाई "लुटायलाच बसली आहे ती" म्हणत दुसरीकडे गेल्या. काल भाचीच्या लग्नात त्यांना पाहिलं. मंगलाष्टकं चालली होती आणि दुसरीकडे शिवलेल्या नव्या ब्लाउजात बाईंचा हात काही खांद्याच्या वर जाईना. अक्षता पुढच्याच माणसाच्या पाठीवर पडत होत्या. भाव कधी वाढवावा, यावर लोक व्याख्यानं देतात. पण मालतीबाईंसारख्यांना चांगल्या कामाची किंमत सांगून कळत नाही. काखेत आवळलं की कळते. आज सकाळी बाई तोच ब्लाउज घेऊन ताईंच्या दारात उभ्या होत्या.

"एवढा उसवून नीट करून द्या. घ्या तुमचा तो नवा भाव," त्या उपकार केल्यासारखं म्हणाल्या.

"तो शिलाईचा आहे," मशीनवरून मान न उचलता ताई म्हणाल्या, "दुसऱ्याचं उसवायचा वेगळा."