मी बँक बुडवली त्याची गोष्ट

आमच्या सावली गावातली बँक मी एका रविवारी दुपारी, बुद्धविहारात बसून बुडवली.

झालं असं, की मोबाइलवर मी एक माहितीपट पाहिला. आजच्या बँका कशा चालतात, देशच्या देश कसे कर्जावर उभे आहेत, वगैरे. पाहून असा पेटलो, की बायकोच्या बचत गटाला तो रविवारी विहारात पडदा लावून दाखवायचंच ठरवलं! (गटाला धान भरडायची मशीन घ्यायची होती. कर्ज मंजूर होतं, सोमवारी सह्या होत्या. असा मुहूर्त मलाच सापडतो!)

फिल्म इंग्रजीत, माझं इंग्रजी बेताचं. तरी माइक घेऊन मी मराठीत सांगू लागलो. पडद्यावरचा माणूस पाच मिनिटं बोलला, मी एका वाक्यात उरकलं, "म्हणते, बँकेत आपले पैसे नाईतच!"

गटाच्या अध्यक्ष ताराबाई ताडकन उठल्या. "नाईत? मंग गेले कुठी?"

"दुसऱ्याले दिले कर्जानं."

"आमाले न इचारता?"

"हो!" (मला वाटलं, आता टाळ्या पडतील. चपला शोधायची धांदल ऐकू आली.)

सोमवारी चौदा बाया थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये! "साहेब, आमचे पैसे दाखवा!"

"अहो, कोणी सांगितलं तुम्हाला असं?"

चौदा बोटं वळली. मी तिथंच खुर्चीत होतो, मोटरसायकलच्या कर्जाचा अर्ज भरत!

"अजी, तुमी इथी काय करून राह्यले?" बायकोनं विचारलं.

"तपासून राह्यलो," मी म्हणालो. कोणीच विश्वास ठेवला नाही.

मॅनेजर भला माणूस. चहा मागवून त्यानं सगळं समजावलं: पैसे कर्जानं फिरतात हे खरं, पण तुम्ही मागाल तेव्हा तुमचे मिळतील. मग ताराबाईंनी व्याजाचा असा कीस काढला, की त्यालाच घाम फुटला. शेवटी त्या म्हणाल्या, "अर्धंच कर्ज घेऊ. बाकी आपल्या बचतीतून."

मशीन आली. आज आजूबाजूच्या गावांतलं धान तिथं येतं, आणि कर्ज मुदतीआधी फिटलं.

"फिल्म चांगली होती, सर," ताराबाई म्हणतात. "सांगणाऱ्यालेच समजली नोती."

त्या वेळी माझ्या मोटरसायकलच्या कर्जाला जामीनदार लागत होता. त्याच उभ्या राहिल्या, पण सहीआधी मला विचारलं, "सांगा, व्याज किती पडते?"

मी सांगितलं. चुकलं. शाळेत मी गणित शिकवतो, हे त्यांनी मॅनेजरला सांगितलं नाही. उपकारच म्हणायचे!