मशीन जळेल म्हणून

आई जे. पी. नगरला माझ्याकडे होती, तेव्हा माझा कॉम्प्युटर तिच्या खाटेशेजारीच होता. व्हिडिओचं काम लावलं की त्याचे पंखे घोंघावायचे.

"स्वल्प कमी कर की रे, डोकं उठतं."

"कमी केले तर मशीन जळेल, आई."

हे खोटं होतं. पंखे हळू केले असते तर मशीन जरा तापून काम अर्धा तास लांबलं असतं, एवढंच. शेवटी ती म्हणाली, "मला अण्णाकडे सोड." मी लगेच तिला चामराजपेटला थोरल्या भावाकडे सोडलं. घरी येऊन त्याच दुपारी पंखे हळू केले. तिला आणायला मात्र गेलो नाही. ती तिथेच वारली.

अण्णा अजून म्हणतो, "मशीनपुढे तू तरी काय करणार होतास!" मी होकारार्थी मान हलवतो.